आठखांबचा निरोप नाका

आठखांबच्या खोऱ्यातले दगड बोललेला शब्द जसाच्या तसा खरा धरतात, त्यामुळे तिथून निघताना 'येतो' म्हणणारा माणूस बाहेर पडत नाही, तो परत आत येतो.

एवढं सोडलं तर खोरं पाहण्यासारखं आहे. नदीच्या दोन्ही अंगांना काळ्या कातळाचे सहाकोनी खांब उभे आहेत, फळीवर वह्या उभ्या लावाव्यात तसे. मोजले तर चारशेच्या वर भरतील. पण खोऱ्यात पहिल्यांदा शिरलेला कुणी घाईचा माणूस "आठ खांब दिसतायत" असं म्हणाला आणि खांबांनी ते मान्य केलं. तेव्हापासून एका वेळी आठच दिसतात. नववा पाहायला मान वळवली की पहिला दिसेनासा होतो. वरच्या अंगाला एक किल्ला आहे. तो कधी पडला नाही. वेढा घालून बसलेल्या सैन्याने पावसाळ्याच्या तोंडावर वेढा उठवला, तेव्हा त्यांच्या सरदाराने घोड्यावरून मूठ उगारून "पुन्हा येतो!" अशी धमकी दिली आणि सगळं सैन्य त्याच दुपारी परत आलं. सरदार तापट होता, त्यामुळे हे अकरा वेळा झालं. शेवटी त्यांनी चुली मांडल्या. आज खोऱ्यातल्या खानावळी त्यांचेच वंशज चालवतात, आणि भाल्यांचा नाच, गेरूने रंगवलेली दारं, लसणाची तिखट कढी अशी जी तिथली संस्कृती म्हणून दाखवली जाते ती या लोकांची.

कुंदाताई आळतेकर हे सगळं पाहायला मिरजेहून भगिनी मंडळाच्या एक दिवसाच्या सहलीबरोबर आल्या होत्या. वय एकसष्ट. बारा वर्षांत त्या घर सोडून दिवसभर कुठे गेल्या नव्हत्या, कारण घरी सासूबाई होत्या. माई शहाऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या, आणि संध्याकाळची गोळी व घोटभर दूध फक्त कुंदाताईंच्या हातून घेणाऱ्या. दुसऱ्या कुणी पेला पुढे केला की माई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करत. मंडळाच्या चिवटे वहिनींनी फारच गळ घातली, शेजारच्या शैलाने दिवसभर माईंजवळ बसायचं कबूल केलं, म्हणून कुंदाताई निघाल्या. शैलाची पुण्याची गाडी सातची होती. त्याच्या आत त्यांना घरी पोहोचायचं होतं.

तीन वाजता बस निरोप नाक्याशी आली. नाक्यावर एक दगडी कमान आहे, कमानीशेजारी निरोप्या नावाचा पुरुषभर उंचीचा कातळ, आणि त्याच्या पुढ्यात उंबऱ्यासारखी एक शिळा. शिळेवर उभं राहून एकेकाने 'जातो' किंवा 'जाते' म्हणायचं आणि कमानीतून बाहेर पडायचं, असा नियम. शेजारच्या खिडकीवर पाटी होती: 'निघताना नेहमीचा शब्द वापरू नये. वापरल्यास होणाऱ्या आगमनास नाका जबाबदार नाही.'

बायका हसत खिदळत शिळेवर चढल्या. "जाते!" चिवटे वहिनी म्हणाल्या आणि पलीकडे बसपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बावीस जणी गेल्या. तेविसाव्या कुंदाताई. त्या शिळेवर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "येते."

पाऊल टाकलं ते थेट प्रवेशाच्या कमानीखाली पडलं, खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, नऊ किलोमीटरवर. समोर ठकूबाई गूळपाण्याचं तबक घेऊन उभी होती. आलेल्या प्रत्येकाला गूळपाणी देणं हे तिचं काम.

"या," ठकूबाई म्हणाली. "सकाळच्याला बी तुमीच आला हुता न्हवं?"

कुंदाताई ओशाळल्या. गूळ नाकारणं बरं दिसेना, म्हणून खाल्ला. मग जीप पकडून परत निरोप नाक्यावर आल्या. रस्ता खराब, पन्नास मिनिटं गेली. वाटभर त्या मनात घोकत होत्या. जाते, जाते, जाते. साधा शब्द. लोक दिवसातून दहादा म्हणतात. शिळेवर चढल्या, तोंड उघडलं, 'जा' बाहेर पडला आणि पुढचं अक्षर घशातच अडकलं. कमानीपलीकडून चिवटे वहिनी ओरडल्या, "अगं कुंदा, लवकर!" आणि घाबरून कुंदाताई म्हणाल्या, "हो, येतेच!"

गूळपाणी. पुन्हा जीप.

बारा वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचे यजमान दिगंबरराव पाटबंधारे खात्याच्या कचेरीत जायला निघाले होते. त्यांना एक वाईट खोड होती. दारातून ते "जातो गं" म्हणायचे. कुंदाताई आतून रोज ओरडायच्या, "येतो म्हणा!" मग ते हसून "येतो" म्हणायचे. त्या सकाळी दूध वर आलं होतं. कुंदाताईंनी 'जातो गं' ऐकलं, ओरडायला तोंड उघडलं, आणि आधी गॅस बंद केला. वळून पाहिलं तर दार रिकामं. बसथांब्यावरच दिगंबररावांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी काय ते कारण लिहून दिलं. खरं कारण कुंदाताईंना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या घरात दूधवालासुद्धा 'येतो' म्हटल्याशिवाय जिना उतरत नसे.

तिसऱ्या खेपेला त्या शिळेवर चढल्या नाहीत. नाक्यावर शिळेवर बोललेलंच तेवढं धरलं जातं, म्हणून खाली उभं राहून त्यांनी खिडकी गाठली. आत श्रीपती वायदंडे हे नाकेदार वहीवर रेघा मारत बसले होते.

"मला तो शब्द म्हणता येत नाही," कुंदाताई म्हणाल्या. "मी लेखी देते."

"दगडाला वाचता येत न्हाई, बाई."

"मग मी काहीच बोलत नाही. नुसती बाहेर पडते."

"न बोलता गेलं की त्याला राग येतोय. वाट समदी चढाची करून टाकतोय. एक जोडपं गेल्या दिवाळीपास्नं चढतंय, वरनं हात करत्यात अधनंमधनं."

"नमस्कार म्हटलं तर?"

"त्यो बी नमस्कार करतोय. म्हंजी वाकतोय. वाकायला त्याला चार दिस लागत्यात आन् तवर वाट बंद. सायबांचा हुकूम हाय, नमस्कार करू द्यायचा न्हाई."

"निघते?"

"निघाल की. पर निघतच ऱ्हाल. पोचायचं काय त्यात बोललेलं नसतंय." वायदंड्यांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. "बाई, बावीस जणींनी म्हटलं. काय झालं का कुनाला? त्या बगा, भेळ खात उभ्या ऱ्हायल्यात."

कुंदाताईंनी आवाज खाली आणला. "इथे बोललेलं खरं होतं ना?"

"व्हय."

"मग मी 'जाते' म्हटलं, तर कुठे जाते हे दगडाला कसं कळतं?"

सतरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न वायदंड्यांना कुणी विचारला नव्हता. "आजवर तशी तक्रार आली न्हाई," ते म्हणाले.

"तक्रार करायला परत कोण येणार?"

वायदंड्यांनी वही उघडली, मागची काही पानं चाळली आणि मिटली. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच झाले होते. "नाका सहाला बंद हुतोय," ते म्हणाले. "उद्यापास्नं खांबांचा उरूस. आता बिस्तरवारी उघडायचा."

"गुरुवारी? पण आज रविवार आहे!"

"व्हय. चार दिस."

चार दिवस माई. सातला शैला जाणार, शेजारी दुसरं कुणी नाही, आणि असतं तरी माईंनी ओठ मिटलेच असते. त्या जिद्दीला पेटल्या की पाण्याचा थेंब घेत नाहीत. शहाऐंशीचं शरीर चार दिवस कसं काढणार? कुंदाताईंनी डोळे मिटले, शिळेवर चढल्या, आणि आयुष्यात केला नव्हता एवढा जोर केला. जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली. डोळ्यांपुढे रिकामं दार आलं. त्या तशाच उभ्या राहून रडायला लागल्या. पलीकडून चिवटे वहिनी म्हणाल्या, "अगं रडतेस काय, म्हण की गं एकदाचं!" आणि मंडळातल्या बायकांनी भेळेचे कागद हातात घेऊन टाळ्या वाजवत "जा-ते! जा-ते!" असा धोशा लावला. त्या बाहेर असल्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

हुंदका ओठांतच दाबून कुंदाताईंनी पर्समधून मोबाइल काढला. खोऱ्यात रेंज फक्त या शिळेवर मिळते. त्यांनी घरी फोन लावला.

"काकू, कुठं पोचलात?" शैलाने विचारलं. "माई चारपासून दाराकडे बघतायत. पाणीसुद्धा घेत नाहीयेत."

"त्यांच्या कानाला लाव."

माईंना कमी ऐकू येतं, म्हणून तिकडे शैलाने फोनचा स्पीकर लावला, आणि माईंचा आवाज बारीक, म्हणून इकडे कुंदाताईंनीही लावला. त्यांनी सगळं सांगितलं. तो शब्द टाळून सांगितलं, पण सांगितलं. शिळा, नाका, गुरुवार. आणि मग बारा वर्षांत पहिल्यांदा तेही सांगितलं. त्या दिवशी हे दारातून काय म्हणाले, आणि आपण दूध पाहत बसलो.



"तुला तो काय म्हणाला ते मीही ऐकलं होतं," माई म्हणाल्या. "पण त्याआधी तो माझ्या खोलीत आला होता. माझा चष्मा सापडत नव्हता, तो त्याने पलंगाखालून काढून दिला. आणि जाताना नीट म्हणाला मला. 'येतो गं आई.' अगदी स्वच्छ म्हणाला. बारा वर्षं मी त्या शब्दावर पडून आहे, कुंदा. तुला बोलले नाही. तुला वाटलं असतं, मला बरं बोलून गेला आणि तुला वाईट."

निरोप्याच्या आत कुठेतरी खट्ट झालं.

वायदंड्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काय बोलल्या त्या?"

"त्यांच्या मुलाचं सांगत होत्या. आईला म्हणाला होता–"

"कोन म्हनालं हुतं ते दगडाला कळत न्हाई, बाई. शिळेवर काय वाजलं तेवढंच कळतंय." त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली आणि आतल्या फोनकडे पाहिलं. फोन वाजला.

प्रवेशाच्या कमानीवरून ठकूबाई बोलत होती. तिचा आवाज मोठा, रिसीव्हरबाहेर येत होता. "एक पाव्हना आलाय. एकलाच हाय. गाडीघोडं काय न्हाई."

"नाव?"

"दिगंबर आळतेकर म्हनत्यात."

"वय?"

"त्रेपन्न."

"येन्याचं कारन?"

ठकूबाईने तिकडे विचारलं. "आईला म्हनालो हुतो, म्हनत्यात. वाटंत उशीर झाला म्हनं."

वायदंड्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. उशिराच्या रकान्यात काय भरावं यावर ते थोडे अडले आणि शेवटी 'आहे' असं लिहिलं. कुंदाताईंनी निरोप्याचा आधार घेतला. कातळ उन्हाने तापलेला होता.

"तब्येत कशी आहे त्यांची?" त्यांनी विचारलं. तोंडातून एवढंच आलं.

वायदंड्यांनी फोनवर विचारलं, ऐकलं, आणि म्हणाले, "गूळ दुसऱ्यांदा मागत्यात."

"डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं," कुंदाताई म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या.

"कुंदा!" हातातला मोबाइल बोलला. "कोण आलंय तिथे? मला कुणी सांगाल का?"

"माई, हे आलेत. खोऱ्यात. दुसऱ्या दारावर."

माईंनी दोनदा श्वास घेतला तो ऐकू आला. बारा वर्षं ज्या आवाजाने फक्त पाणी, पांघरूण आणि खिडकी एवढंच मागितलं होतं, तो आवाज म्हणाला, "मग मीच येते."

निरोप्या पुन्हा खट्ट वाजला. मोबाइलमधून पेला पडल्याचा आवाज आला आणि मग शैला ओरडली, "काकू! काकू, माई इथे नाहीत! आत्ता पलंगावर होत्या हो!"

"घाबरू नकोस," कुंदाताई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. "दार ओढून घे आणि स्टेशनवर जा. सातची गाडी मिळेल तुला."

आतला फोन वाजला. ठकूबाई विचारत होती की आजीबाईंना बसायला खुर्ची नाही, तर काय करायचं. पलंग मागेच राहिला होता, कारण पलंगाबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं. वायदंड्यांनी दुसरी नोंद केली, शाई वाळवली आणि घड्याळ पाहिलं.

"बाई, सहाला दोन मिन्टं हायती. काय ते बोला."

कुंदाताईंनी कमानीतून पाहिलं. बस वीस पावलांवर होती, इंजिन सुरू. चिवटे वहिनी दारात उभ्या राहून हातवारे करत होत्या. पलीकडे मिरज होती, घर होतं, गॅसवर झाकून ठेवलेलं सकाळचं दूध होतं. बाहेर पडायची जी घाई दुपारपासून जीव खात होती तिला आता काही कारण उरलं नव्हतं. पण भीती कमी झाली नव्हती. उलट आता गमावायला बरंच काही होतं.

"येते," कुंदाताई म्हणाल्या. या खेपेला त्यांनी तो शब्द सावकाश, नीट उच्चारला, कारण खोऱ्याच्या त्या टोकाला पोहोचायचा तोच सगळ्यात जवळचा रस्ता होता.

कमानीखाली माई एका सपाट दगडावर बसल्या होत्या, नऊवारीच्या निऱ्या पसरून, पाठ ताठ. दिगंबरराव त्यांच्या पायाशी उकिडवे बसून पेला तोंडाला लावत होते आणि माई पीत होत्या. पांढरा शर्ट, खिशाला पेन. एक केसही नवीन पिकलेला नव्हता. कुंदाताईंच्या लक्षात आलं की आपण आता यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आहोत. आपल्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण त्यांनी तो फिरवला नाही.

दिगंबररावांनी मान वर केली. त्यांनी कुंदाताईंचा चेहरा, केस, रिकामा गळा हे सगळं एकदा नीट पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "किती दमलीस गं," ते म्हणाले. "पाणी पितेस? थांब, त्या बाईंकडून घेऊन येतो, मी जरा–"

ते उठायला लागले होते. पुढचा शब्द ओठांवर आलेला दिसत होता, ती जुनी खोड. इथला दगड ऐकतो की नाही हे कुंदाताईंना माहीत नव्हतं. विचारायला वेळही नव्हता. त्यांनी पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला, ठकूबाईसमोर, सासूसमोर.

"काही म्हणू नका," त्या म्हणाल्या.

"अगं, पण पाणी–" ते हाताआडूनच पुटपुटले.

"मला तहान नाही."

"मग मी काय करू?"

"नुसते बसा."

दिगंबरराव बसले. कुंदाताईंनी हात काढला नाही.